हट्टी डिस्क आणि आखडलेला खांदा

दोन पावसाळ्यांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. केस विंचरताना हात डोक्यापर्यंत जाईना. फळीवरचा डबा काढायला मुलीला हाक मारावी लागे. रात्री त्या कुशीवर वळले की कळ थेट कोपरापर्यंत यायची. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि मधुमेह असणाऱ्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. नर्सच्या नोकरीत ही गोष्ट मी कित्येक बायकांना समजावून सांगितली होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र चार महिने मी नुसता बाम चोळत बसले.

पुढे व्यायाम सुरू केले. वाकून हात लोलकासारखा सैल हलवायचा, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचे, टॉवेल पाठीमागे धरून ओढायचा. वर्ष गेले, पण हात मोकळा झाला. तपासणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "आता हाताला काम द्या. जड नको, पण रोज द्या. आणि चालणं वाढवा." चालायचे कुठे, हा वस्तीत राहणाऱ्या बाईचा जुनाच प्रश्न आहे. गल्लीत गाड्या लावलेल्या, रस्त्यावर ट्रक, आणि पन्नाशीची बाई नुसती फिरताना दिसली की चार जण विचारणार, "काय मावशी, कुणीकडं?"

पुण्यात शिकणारा माझा भाचा त्या दिवाळीच्या सुट्टीत आला तो पाठीवर पिशवी घेऊन. पिशवीत सात-आठ प्लास्टिकच्या थाळ्या. मी विचारले, "जेवायच्या का?" तो हसला. म्हणाला, "मावशी, याला डिस्क गोल्फ म्हणतात. तुझ्या डॉक्टरनं सांगितलेली दोन्ही कामं यात होतात."

त्यानंतर सुगीपासून वळवापर्यंत आम्ही सहा-सात जण मळवली-कामशेतच्या बाजूला रविवारी सकाळी खेळतो. चार बायका, एक निवृत्त काका आणि मुले. यंदा नव्याने येऊ पाहणारे बरेच जण विचारतात की डिस्क कोणती घ्यायची. म्हणून आज या पानावर तेवढेच सांगणार आहे. प्रश्न छोटा दिसतो, पण चुकीची डिस्क घेतली तर पैसे जातात आणि खांदाही जातो. माझे दोन्ही गेले होते.

आधी खेळ. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत भोकापर्यंत न्यायचा असतो. इथे चेंडूऐवजी डिस्क, काठीऐवजी आपला हात, आणि भोकाऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. जिथे डिस्क पडली तिथे जाऊन पुन्हा तिथूनच फेकायची. कमीत कमी फेकींत टोपली गाठली तो जिंकला. नियमांचे पुस्तक मोठे आहे, पण रविवारच्या खेळाला एवढे पुरते.

हा खेळ श्रीमंतांच्या क्लबात जन्मला असे कुणाला वाटत असेल तर तसे नाही. कॅनडात ब्लॅडवर्थ नावाच्या लहान गावातली शाळकरी मुले १९२६ च्या सुमारास डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असाच खेळ खेळत होती. आपल्याकडे पोरे ऑइलच्या डब्याचे झाकण भिरकावतात, त्यातलाच प्रकार. पुढे अमेरिकेत एड हेड्रिक या माणसाने त्याला शिस्त लावली. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमचे मैदान झाले, १९७६ साली खेळाची संघटना स्थापन झाली, आणि साखळ्यांची टोपलीही हेड्रिकचीच. त्याआधी लोक झाडे आणि दिव्याचे खांब हेच लक्ष्य धरून खेळत. आमच्याकडे टोपली नाही, त्यामुळे आम्ही अजून त्याच काळात आहोत. बाभळीचे खोड, बांधावरचा दगड, उलटी ठेवलेली पाटी. डिस्क लागली की झाले.

याच कुळातला दुसरा खेळ म्हणजे अल्टिमेट फ्रिस्बी. तो आपल्या देशात जास्त पसरला आहे. चेन्नईत वेगवेगळ्या आर्थिक थरांतली मुले-मुली एकाच संघात तो खेळतात, आणि तिथल्या एका संघावर '१७५ ग्रॅम्स' नावाचा लघुपट २०१५ साली सनडान्स महोत्सवापर्यंत गेला. १७५ ग्रॅम हे अल्टिमेटच्या डिस्कचे वजन. त्या खेळात पंच नसतो, चूक झाली तर खेळाडूनेच कबूल करायची. भाचा तिथूनच डिस्क गोल्फकडे वळला.

आता माझी चूक. भाच्याच्या पिशवीतली एक डिस्क मला फार आवडली. पातळ, कडेला धार असल्यासारखी, नारिंगी. त्याने बजावले होते, "मावशी, ती घेऊ नकोस, ती वेगाची आहे." पण मोबाइलवर मी वाचले की हीच सर्वात लांब जाते. तशीच एक मागवली, हजारावर रुपये मोजले. फेकली की वीस-पंचवीस पावलांवर धाडकन डावीकडे पडायची. मला वाटले माझाच जोर कमी पडतोय. म्हणून आणखी जोर लावला. पंधरा दिवसांत कोपराची बाहेरची बाजू सुजली आणि खांद्यात जुनी कळ परत आली. सहा आठवडे हात गळ्यात बांधल्यासारखाच होता.

झाले काय होते ते नंतर समजले. बहुतेक डिस्कवर कंपन्या चार आकडे छापतात. पहिला वेग. म्हणजे डिस्क आपोआप किती वेगात जाते असे नव्हे. ती नीट उडायला फेकणाऱ्याच्या हाताने तिला किती वेग द्यावा लागतो, हे तो आकडा सांगतो. साधारण १ ते १४ पर्यंत तो असतो. दुसरा आकडा तरंगण्याचा, हवेत किती वेळ राहते त्याचा. तिसरा वळणाचा: जोरात असताना, म्हणजे उड्डाणाच्या पहिल्या भागात, डिस्क उजवीकडे किती झुकते. शून्य म्हणजे झुकत नाही, उणे तीन म्हणजे चांगलीच झुकते. चौथा शेवटच्या ओढीचा: वेग कमी झाल्यावर डावीकडे किती खेचली जाते. हे उजव्या हाताने उलट फेक, म्हणजे हात छातीवरून आडवा आणून फेकणाऱ्यासाठी. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटे वाचावे.

माझी नारिंगी डिस्क १२ वेगाची होती. तरुण, तालीम केलेल्या हाताला ती शंभर मीटर जाईल. माझ्या हातून निघताना तिला तिचा वेग कधीच मिळत नव्हता. ती पहिल्या क्षणापासून मरत आलेली डिस्क होती, म्हणून फक्त शेवटची ओढ दिसायची. मी जोर लावत गेले, पण दोष जोराचा नव्हताच.

डिस्क शेवटी डावीकडे का जाते, हा प्रश्न काकांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. भाच्याने भोवरा आठवायला सांगितला. फिरता भोवरा एका बाजूने ढकलला तर तो ढकलल्या दिशेला पडत नाही, काटकोनात दुसरीकडेच झुकतो. डिस्क म्हणजे उडता भोवरा. वेग कमी होत गेला की हवेची उचल तिच्या पुढच्या कडेकडे सरकते आणि नाक वर ढकलू लागते. पण डिस्क फिरत असल्यामुळे नाक वर न जाता तिची डावी कड खाली जाते आणि ती डावीकडे वळते. जोरात असताना हवेचा रेटा मागच्या बाजूला पडतो, तेव्हा नेमके उलट होते आणि ती उजवीकडे झुकते. फिरकी उलटी, म्हणजे हाताच्या तळव्याच्या बाजूने फेकली, की दोन्ही दिशा उलटतात. काका मिलिटरीच्या डेपोत फिटर होते. ते म्हणाले, "मग कडेची उंची बघायला पाहिजे." अगदी बरोबर. डिस्कच्या कडेचा जो सर्वात बाहेरचा टोकाचा भाग, तो जितका वर, तितकी डिस्क डावी ओढ जास्त धरते. तो खाली असेल तर ती पटकन उजवीकडे लोळते.

ज्या डिस्कला उजवे वळण जवळपास नसते आणि डावी ओढ भरपूर असते, तिला ओव्हरस्टेबल म्हणतात. आमच्या गटात हा शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. वाऱ्याचेही ऐकत नाही, आपलेही ऐकत नाही, आपल्याच बाजूला जाते, म्हणून बायकांनी तिचे नाव 'हट्टी' ठेवले. आणि हट्टी पण कमी वेगाची, टोपलीजवळ नेऊन ठेवायची डिस्क, ही मावळात पिशवीत असायलाच हवी असे माझे मत झाले आहे.

त्याचे कारण वारा. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करणारे उगाच एवढ्या लांबून येत नाहीत. थंडीत सकाळी सात-आठला पवनेच्या खोऱ्यात पान हलत नाही. पण फेब्रुवारीनंतर ऊन चढले की कोकणातून घाट चढून वारा येतो आणि लोहगड-विसापूरच्या खिंडीतून मैदानावर उतरतो. साध्या डिस्कचे त्यात हाल होतात. समोरून वारा आला की डिस्कला आपण दिलेल्यापेक्षा जास्त वेगाची हवा लागते, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा कमी स्थिर वागते. नाक वर करते, उजवीकडे उलटते आणि उधळून वीस मीटर भलतीकडे जाते. हट्टी डिस्क मात्र समोरच्या वाऱ्यात जवळपास सरळ जाते, कारण वारा तिला उजवीकडे ढकलतो आणि तिची स्वतःची ओढ डावीकडे असते. दोन्ही एकमेकांना खातात. पाठीमागून वारा असेल तर उलट होते: तिला उचल मिळत नाही, लवकर बसते आणि जास्तच डावीकडे जाते. तेव्हा साधी डिस्क बरी.

आडव्या वाऱ्याचा एक धडा मी तळ्यात डिस्क घालवून शिकले. हट्टी डिस्क डावी कड खाली करून उडत असताना तिचे पोट उजवीकडे उघडे असते. उजवीकडून वारा आला की तो पोटाखाली शिरतो आणि तिला उचलून डावीकडे लांब घेऊन जातो. डावीकडून आला तर पाठीवर थाप मारून खाली बसवतो. माझी दुसरी डिस्क अशीच उजव्या वाऱ्याने उचलून पाण्यावर नेली. बहुतेक गोल्फ डिस्क पाण्यात बुडतात, तरंगत नाहीत. पावसाळा संपेपर्यंत ती काढता आली नाही, आणि नंतर मिळालीही नाही.

मग निवड कशी करायची? आकडे पाहून सुरुवात करा. पहिला आकडा २ ते ५ च्या आत हवा. तरंगण्याचा १ ते ३. तिसरा शून्य. चौथा ३ किंवा त्याच्या आसपास. इनोव्हा कंपनीची राइनो ही २, १, ०, ३ अशी आहे. डिस्क्राफ्टची झोन आणि वेस्टसाइडची हार्प या दोन्ही ४, ३, ०, ३. इनोव्हाचीच गेटर ५, २, ०, ३. ही नावे जाहिरातीसाठी नाहीत, दुकानात किंवा मोबाइलवर मागताना काहीतरी हाताशी असावे म्हणून दिली. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हेही लक्षात ठेवा. एकीचा ३ दुसरीच्या २ सारखा वागू शकतो.

या चारांत माझी पसंती राइनो-झोनच्या दरम्यान हलते. कमी तरंगणारी डिस्क का हवी, हे पुष्कळांना कळत नाही. जास्त तरंगणारी डिस्क लांब जाते हे खरे, पण टोपली तीस मीटरवर असताना लांब जाऊन काय करायचे? ती टोपलीवरून निघून जाते आणि परत तितकेच फेकावे लागते. कमी तरंगणारी जिथे टाकली तिथे बसते, घसरतही फार नाही. भाताची कापणी झालेल्या कडक खाचरात तर हे फारच कामाला येते.

हातात घेऊन पाहता आली तर जमिनीवर सपाट ठेवा आणि डोळा तिच्या पातळीला आणा. वरचा भाग घुमटासारखा फुगलेला असेल तर ती जास्त तरंगेल. सपाट असेल तर हट्टी असण्याची शक्यता जास्त. कडेचे टोक किती वर आहे ते पाहा. काही डिस्कच्या कडेला खालच्या बाजूने बारीक गोल कंगोरा असतो. त्याने हट्ट टिकायला मदत होते, पण लहान हातांना तो टोचतो. आमच्यातल्या दोघींना कंगोरा मुळीच नको असतो, मला चालतो. कडेची रुंदी बोटांत बसली पाहिजे. वेगाच्या डिस्कची कड रुंद असते आणि ती धरताना बायकांच्या मुठीला ताण पडतो, तोच ताण पुढे कोपरावर जातो. हळू डिस्कचा हा फायदा मला सर्वात मोठा वाटतो, आकड्यांपेक्षाही.

वजनाचा नियम असा की डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही. म्हणजे २१ सेंटिमीटरच्या आसपासची डिस्क साधारण १७५ ग्रॅमपर्यंत येते. वाऱ्यात जड डिस्क स्थिर राहते, म्हणून तरुणांनी १७० च्या वरची घ्यावी. ज्यांचा खांदा दुखून गेला आहे त्यांनी १६० च्या आसपासची मिळते का पाहावे. दहा-पंधरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण सकाळभरात साठ-सत्तर वेळा फेकल्यावर हाताला तो फरक कळतो.

प्लास्टिकचे दोन मुख्य प्रकार येतात. स्वस्त प्लास्टिक मऊसर असते, हाताला चिकटून बसते, दव पडलेल्या सकाळी किंवा घामात सुटत नाही. पण दगडावर आपटून त्याची कड झिजते, आणि कड झिजली की हट्टही कमी होत जातो. महाग प्लास्टिक टिकते, पण ओले झाले की निसरडे. मावळातल्या कातळावर स्वस्त डिस्कला फार दिवस नसतात हे खरे, तरी पहिली डिस्क स्वस्तच घ्या असे मी सांगते. हरवली तर जीव तुटत नाही. आणि एक सुखाची गोष्ट: मुळात हट्टी असलेली डिस्क झिजली की हळूहळू सरळ उडायला लागते, म्हणजे वर्षाने तीच डिस्क दुसऱ्या कामाला येते. फेकून देऊ नका. गटात चार-पाच जणांनी मिळून तीन वेगवेगळ्या डिस्क घेतल्या तर प्रत्येकाला खर्चही झेपतो. आम्ही तसेच केले. एक चिक्कीच्या डब्यासारखा डबा ठेवला, दर रविवारी त्यात ज्याला जमेल ते.

मात्र ज्यांनी कधीच काही फेकलेले नाही, त्यांनी हट्टी डिस्कने सुरुवात करू नये. हे भाच्याचे आणि माझे एकमत आहे, आणि आमची एकमते थोडी आहेत. हळू हाताने फेकली तर कोणतीही डिस्क डावीकडे वळते. त्यात हट्टी दिली की ती वीस पावलांवर डावीकडे बसते आणि माणूस निराश होतो. पहिला महिना साधी, सरळ जाणारी डिस्क वापरा, म्हणजे इनोव्हाची एव्हिआर किंवा तिच्यासारखी, २, ३, ०, १ आकड्यांची. ती सलग दहा वेळा पंचवीस-तीस पावले सरळ गेली की मग हट्टीकडे या. दोन्हींत फरक कळतो का हेही तेव्हाच तपासता येते. वारा नसलेल्या सकाळी दोन्ही डिस्क त्याच खुणेकडे, सारख्या जोराने, सपाट सोडा. दोन्ही एकाच जागी पडल्या तर हट्टी डिस्क तुमच्या हाताला अजून काही देत नाही, थोडे थांबा.

एका बाबतीत मात्र हट्टी नवख्यालाही सांभाळून घेते. तळव्याच्या बाजूने फेकताना बहुतेकांच्या मनगटाला झटका बसतो आणि डिस्क डगमगत निघते. साधी डिस्क त्या डगमगण्याने उलटून पडते. हट्टी डिस्क सावरते आणि उजवीकडे जाऊन बसते. क्रिकेट खेळलेली मुले अशीच फेकतात. पण या फेकीचा भार कोपराच्या आतल्या बाजूवर येतो, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्यांनी ती दिवसाला पाच-दहापेक्षा जास्त करू नये.

आता शरीराकडे येऊ, कारण हे आरोग्याचे पान आहे. उलट फेकीत हात छातीच्या उंचीपर्यंतच येतो, डोक्याच्या वर जावा लागत नाही. म्हणून खांदा बरा झालेल्यांना ती सोसते. 'बरा झालेल्यांना' हा शब्द महत्त्वाचा. खांदा दुखण्याच्या काळात, रात्री झोपमोड होत असताना, फेकायचे नाव काढू नका. तेव्हा लोलकाचा आणि भिंतीचा व्यायामच करायचा. आणि फेकायला लागण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. जोर हातातून काढायचा नाही. पाय खांद्याइतके अंतर ठेवून उभे राहा, कंबर आणि पाठ मागे वळवा, आणि पाठ परत येताना हात तिच्यामागून ओढला जाऊ द्या. जात्याची मूठ ओढताना आपण कंबरेतून फिरतो, तसे. फेकल्यावर पुढचा पाय जमिनीला रुतवून ठेवू नका, टाचेवर फिरू द्या, नाहीतर गुडघा पिळतो. या खेळात दुखापती होतात त्या मुख्यतः कोपर, खांदा आणि कंबर यांना, आणि बहुतेक जास्त जोर व जास्त फेकी यांनी. धावत येऊन फेकण्याचा मोह आम्हा वयस्करांनी सोडून दिला आहे. उभ्याने हट्टी डिस्क डावी कड जरा खाली धरून सोडायची. ती उजवीकडून वळसा घेत डावीकडे टोपलीपाशी येते. पहिल्यांदा ती तशी आली तेव्हा आमच्यातल्या एका काकूंनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि फेक दुसऱ्याच बाईची होती.

चालण्याचा हिशोब सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. रविवारी दोन तास डिस्कमागे चालले तर त्यातला मोठा वाटा निघतो, पण उरलेले दिवस घरी बसून तो पुरत नाही. हे मी गटात सारखे सांगते आणि सगळे सारखे विसरतात. मधुमेह असणाऱ्यांनी सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी मैदानावर येऊ नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा, आणि हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले तर लगेच खाऊन बसून राहावे. अनवाणी कधीही नको. भाताचे कापलेले बुडखे पायाला सुरीसारखे लागतात, आणि पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला जखम संध्याकाळी मोजे काढल्यावर दिसते.

गवत हा दुसरा धोका. हळू, हट्टी डिस्क घेण्याचे मला पटलेले सर्वात मावळी कारण तेच आहे. लांब जाणारी डिस्क झुडपात शिरते आणि मग माणूस हात घालून शोधतो. मावळात घोणसही आहे आणि नागही आहे. डिस्क गवतात गेली तर आधी काठीने आपटा, थांबा, मग काठीनेच ओढा. हात घालू नका. पोरांना हे दहादा सांगावे लागते. चावा झालाच तर बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता माणसाला निजवून, हात किंवा पाय हलू न देता, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

कुठे खेळायचे, हेही थोडे. जूनपासून सुगीपर्यंत खाचरात इंद्रायणी भात उभा असतो. तेव्हा शेतात पाऊल टाकायचे नाही, शेतकऱ्याने हो म्हटले तरी नाही. कापणीनंतर विचारून खेळावे. आम्ही ज्यांच्या रानात खेळतो त्यांच्या आजी आता स्वतः बांधावर बसून मोजतात की कुणाला किती फेकी लागल्या. देहूरोडच्या बाजूला लष्करी हद्द आहे, तिच्या तारेजवळ डिस्क घेऊन जाऊ नका. कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी पाहायला जरूर जा, पायऱ्या चढण्याचा व्यायामही होतो, पण डिस्क घरी ठेवून. दोन हजार वर्षांच्या दगडावर प्लास्टिक आपटायची ती जागा नव्हे. मे महिन्यात वळवाचे ढग जमले आणि गडगडाट ऐकू आला की खेळ तिथेच थांबवायचा. उघड्या माळावर एकट्या झाडाखाली उभे राहायचे नाही.

माझी नारिंगी डिस्क अजून घरात आहे. नातू तिला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवतो आणि ती बरोबर बसते. मी रविवारी दोन डिस्क नेते, एक साधी आणि एक हट्टी. मागच्या खेपेला वारा समोरून होता आणि बाभळ पस्तीस पावलांवर. साधीने तीन फेकी लागल्या होत्या. भाचा म्हणाला, "मावशी, हट्टी काढ." डावी कड खाली धरून सोडली. उजवीकडे जराशी गेली, वाऱ्यात उभी राहिल्यासारखी झाली, आणि वळून खोडापासून हातभरावर येऊन बसली. बांधावरच्या आजी म्हणाल्या, "आता वाकून उचल, तो पण व्यायामच हाय." हात न टेकवता मी वाकले. खांदा काही बोलला नाही.